बागेआममधलं नवं सरकार

आमच्या पिढीनं चार वर्षांत सरकारं बदलताना पाहिली ती पाहिलीच. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून भारतीय फौज नळदुर्गात शिरली आणि पाच दिवसांत हैदराबाद संस्थानातली निजामी आटोपली. मग मेजर जनरल चौधरींचा लष्करी अंमल, त्यानंतर दिल्लीनं नेमलेले मुख्यमंत्री वेलोडी. यातलं एकही आम्हाला विचारून आलेलं नव्हतं. 1952 ला मात्र मतपेटीतून सरकार निघालं, आणि ते चालतं कसं हे डोळ्यांनी पाहायची मला हौस. आमच्या ओळखीच्या एका वकीलकाकांनी आमदारांकडून गॅलरीचे दोन पास मिळवले.

तुळजापूरवरून सोलापूर, तिथून वाडीमार्गे रेल्वेनं हैदराबाद. खिशात निजामाचे हाली आणि भारत सरकारचे कलदार असे दोन्ही रुपये. सात हालींचे सहा कलदार, हा हिशेब तेव्हा पोरंटोरंही तोंडी करत. गंमत म्हणजे निजामही अजून होतेच, राजप्रमुख म्हणून, म्हणजे राज्यपालासारख्या पदावर.

विधानसभा बागेआम या सार्वजनिक बागेतल्या जुन्या टाउन हॉलमध्ये भरायची. अध्यक्ष काशिनाथराव वैद्य, मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव. समोर विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे, आणि त्यांच्या बाजूला वर्षभरापूर्वीपर्यंत तेलंगणात भूमिगत असलेले कम्युनिस्ट. ज्यांना पकडायला पोलीस रानोमाळ फिरत होते, ते आता माननीय सदस्य! कुणी उर्दूत बोले, कुणी इंग्रजीत, मध्येच मराठी कानावर पडे. माझं शिक्षण उर्दूत झालेलं, त्यामुळे अडलं नाही.

प्रश्नोत्तरं चालू होती. एका सदस्यानं विहिरींच्या कामाचं विचारलं. मंत्र्यांनी चष्मा लावून उत्तर वाचलं आणि बसले. सदस्य पुन्हा उभा: मंजूर पैसा खर्च का झाला नाही? मंत्र्यांनी मागं बसलेल्या अधिकाऱ्याकडून चिठ्ठी मागवली, ती उलटीसुलटी करून पाहिली, आणि माहिती घेऊन सांगतो म्हणाले. तिसऱ्यांदा प्रश्न आला: कधी सांगणार?

मी खुर्चीतून पुढे सरकलो. आमच्याकडे गावात पोलिसांचा अमीन आला की म्हातारी माणसंही पारावरून उठून उभी राहत. त्याला 'का' म्हणून विचारणारा मी पाहिला नव्हता. आणि इथं मंत्री उभा राहून जाब देत होता. उत्तर पोकळच होतं, पण द्यावं लागलं.

काकांची मात्र निराशा झाली. त्यांना जोरदार भाषणं हवी होती. ''विहिरी मोजायला एवढ्या लांब आलो होय?'' ते पुटपुटले. पुढे आकड्यांची चर्चा सुरू झाली तसा त्यांना डोळा लागला. मी शिपायाला हळूच विचारून घेतलं, पास संध्याकाळपर्यंत चालतो ना?