बॅगेचा रंग

तळेगावच्या स्टँडवर एसटीत चढायची माझी रीत ठरलेली आहे. आधी घडी केलेली व्हीलचेअर वर जाते, मग मी. पुतण्या काखेत हात घालतो, कंडक्टर आत बघून ओरडतो, "या बरं कोणी, यायले उचला!" तिकिटात पंचाहत्तर टक्के सवलत आहे, पायऱ्यांत नाही. पोलिओने दोन्ही पाय दुसऱ्या वर्षीच नेले, त्यामुळे लोकांच्या हातांवरून जायची सवय आहे. पण भाचीच्या वास्तुशांतीला बंगळूरला विमानाने जायचं ठरलं तेव्हा वाटलं, इथे तरी कोणी पोत्यासारखं उचलणार नाही.

विमान कंपनीला अठ्ठेचाळीस तास आधी कळवायचं असतं, ते कळवलं. नागपूरच्या वाटेवर कारंजा, कोंढाळी मागे पडेपर्यंत पुतण्या मोबाइलवरून नियम वाचून दाखवत होता. मे २०२२ मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात चढू दिलं नाही. त्यावर ओरड झाली आणि जुलैत नियम बदलला. आता निव्वळ अपंगत्वावरून नकार देता येत नाही, प्रकृतीची शंका असेल तर आधी डॉक्टरने तपासायचं. "काका, तुमाले कोणी अडवू शकत नाही," तो म्हणाला. अडवलं कोणीच नाही.

नागपूरला काउंटरवरच्या मुलीने माझ्या डोक्यावरून पुतण्याला विचारलं, "सर चल सकते हैं?" तो म्हणाला, "त्यायलेच विचारा." तिने विचारलं, मी नाही म्हटलं, आणि तिने माझ्या खुर्चीला बॅगेची चिठ्ठी बांधली. आपली खुर्ची मापात बसत असेल तर ती वापरायची मुभा नियमात आहे. मी तसं म्हणालोही. "सर, हमारी चेअर अच्छी है."

होतीही चांगली, चकचकीत. पण तिची चाकं लहान, ती मला हाताने फिरवता येईनात. माझ्या खुर्चीच्या डाव्या पायटेकूवर सागाचा एक तुकडा ठोकलेला आहे, कारण तो पाय तीन बोटं आखूड आहे. इथे तो लोंबकळत राहिला. मागून कोणी तरी ढकलत होतं आणि माझे हात मांडीवर नुसते पडून होते. इतक्या वर्षांत हातांना असं बिनकामाचं कधी पाहिलं नव्हतं.

तपासणीचा जवान मात्र भला निघाला. हात लावण्याआधी त्याने विचारलं, "दर्द तो नहीं होगा?" अभिनेत्री सुधा चंद्रन यांची गोष्ट आठवली. दर विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावतात म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी व्हिडिओ टाकला होता आणि सुरक्षा दलाने माफी मागितली होती. माझ्याकडे काढण्यासारखं काही नव्हतं. होतं ते काउंटरवर काढून घेतलं होतं.

विमानाच्या दारात आणखी एक खुर्ची आली. दोन सीटांच्या रांगांमधून जाईल इतकीच रुंद, छातीला नि गुडघ्यांना पट्टे. त्यातून सीटवर न्यायला दोघांनी उचललंच. कंडक्टर नव्हता एवढाच फरक. आणि हो, कोणी ओरडलं नाही.

उतरताना आमचा नंबर शेवटचा. माझी खुर्ची दाराशी येईल असं सांगितलं होतं. विमान झाडून झालं तरी ती आली नाही. मग पुन्हा कंपनीच्या खुर्चीतून सामानाच्या पट्ट्यापाशी गेलो. सुटकेसांच्या मागून ती आली, चाकं वर करून. पुतण्याने सुलटी केली, मी बसलो. आधी चाकावर हात ठेवला आणि स्वतःच एक गिरकी घेतली. डावा पाय खाली टेकेना. लाकूड गेलं होतं.

तक्रारीच्या फॉर्मवर 'किंमत' असा रकाना होता. आमच्या गावच्या सुताराने त्या तुकड्याचे पैसे घेतले नव्हते, म्हणून तो कोरा सोडला. फॉर्म बॅगांचाच होता. 'बॅगेचा रंग' यापुढे मी लिहिलं, सागवानी.