सुटलेला चेंडू

गेल्या महिन्यात डब्लिनहून लेकीचा फोन आला. रविवार होता, म्हणजे नातू फोनवर यायलाच हवा. तो आला नाही. "ओम कुठंय गं?" विचारलं तर म्हणाली, "खोलीत जाऊन बसलाय. आता फुटबॉल खेळणार नाही म्हणतोय."

ओम दहा वर्षांचा. तिथल्या मुलांच्या संघात गोलकीपर आहे. शनिवारी एक अगदी साधा, सरपटत आलेला चेंडू त्याच्या हातांखालून निसटला आणि संघ हरला. कुणी रागावलं नाही, पण कुणीतरी हसलं. दहाव्या वर्षी तेवढं पुरतं.

जावई म्हणाले, "आई, तुम्ही त्याला पॅकी बॉनरची गोष्ट सांगा. तुमचं ऐकेल तो."

मी चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. मैदानाशी माझा संबंध म्हणजे पी.टी.च्या तासानंतर मुलं घामाघूम होऊन वर्गात आली की "खिडक्या उघडा रे" म्हणायचं, इतकाच. पण गोष्ट सांगायची तर आधी ती आपल्याला यायला हवी, ही जुनी खोड. आठवडाभर वाचलं, संगणकावर जुने सामने पाहिले. चष्मा लावून, चेंडू शोधत.

पॅकी म्हणजे पॅट्रिक. जन्म २४ मे १९६०, आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगल परगण्यात, बर्टनपोर्टजवळ. अटलांटिकचा वारा खाणारा, मासेमारीचा मुलूख. डेनिस नावाचा जुळा भाऊ. १९७८ साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबनं त्याला घेतलं. जॉक स्टीन या थोर प्रशिक्षकांनी सेल्टिकसाठी निवडलेला तो शेवटचा खेळाडू. पहिला मोठा सामना १७ मार्च १९७९ ला, म्हणजे आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी. देशाकडून पहिला सामना १९८१ मध्ये, नेमका एकविसाव्या वाढदिवशी, पोलंडविरुद्ध. तो हरले. पुढे सेल्टिकसाठी ६०० हून अधिक आणि देशासाठी ८० सामने खेळला. आकडे एवढ्यासाठी देते की पुढचं सगळं फक्त दोन-तीन क्षणांचं आहे.

१९९० चा विश्वचषक इटलीत होता. आयर्लंड पहिल्यांदाच त्यात पोचलेला. त्याआधी साधारण चार आठवडे, १२ मे रोजी, स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिक ॲबर्डीनकडून पेनल्टींवर ९-८ असं हरलं होतं आणि गोलात बॉनरच होता. इटलीत आयर्लंडचे इंग्लंड, इजिप्त आणि नेदरलँड्सशी झालेले तिन्ही सामने बरोबरीत सुटले. त्यातल्या नेदरलँड्सविरुद्धच्या गोलाची मला गंमत वाटली. बॉनरनं चेंडू लांब भिरकावला, त्यांच्या बचावपटूनं तो आपल्याच गोलकीपरकडे दिला, त्याच्या हातून सुटला आणि निआल क्विननं गोल केला. म्हणजे दुसऱ्या गोलकीपरच्या चुकीवर हे तरले.

२५ जून रोजी जेनोआत रुमानियाशी गाठ होती. १२० मिनिटांत गोल नाही, म्हणून पेनल्टी. रुमानियाच्या पहिल्या चौघांनी गोल केले, आयर्लंडच्या चौघांनीही. पाचवा आला डॅनियल टिमोफ्टे. बॉनर योग्य बाजूला झेपावला आणि त्यानं चेंडू अडवला. मग डेव्हिड ओ'लिअरीनं गोल केला आणि आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत. बॉनर जमिनीवरून उठून दोन्ही हात वर करून उड्या मारतो ते मी चारदा पाहिलं. ओमच्या घरापासून इतक्या लांब बसून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

पाचच दिवसांनी रोममध्ये इटलीशी सामना. डोनाडोनीचा जोरदार फटका बॉनरनं अडवला खरा, पण चेंडू हातात राहिला नाही. तो धडपडला आणि स्किलाचीनं मोकळ्या जागेत गोल केला. ०-१. संपलं. तरीही डब्लिनला परतल्यावर स्वागताला लाखोंची गर्दी लोटली होती.

१९९२ मध्ये नियमच बदलला. आपल्या खेळाडूनं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही असं ठरलं. वेळकाढूपणाचं उदाहरण म्हणून आयर्लंड-इजिप्त सामन्याचं नाव अजून घेतात. बत्तिसाव्या वर्षी बॉनरला पायांनी खेळायला नव्यानं शिकावं लागलं. आमचा अभ्यासक्रम बदलायचा तेव्हा आम्ही किती कुरकुरायचो ते आठवलं.

आणि मग ४ जुलै १९९४. अमेरिकेत ऑरलँडोचं भर दुपारचं ऊन. नेदरलँड्स एका गोलनं पुढे होतं. विम योंकनं लांबून चेंडू मारला, सरळ बॉनरच्या अंगावर. रोज सरावात शंभर वेळा झेलावा असा. तो हातमोज्यांतून निसटून मागे जाळ्यात गेला. आयर्लंड ०-२ हरलं आणि घरी परतलं. बॉनर तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात सेल्टिकनंही त्याला मोकळं केलं होतं, पण नवे मॅनेजर टॉमी बर्न्स यांनी परत बोलावलं. २७ मे १९९५ रोजी एअरड्रीविरुद्ध स्कॉटिश कपचा अंतिम सामना सेल्टिक १-० जिंकलं. सहा वर्षांनी क्लबच्या हाती चषक आला. गोलात बॉनर होता आणि त्यानं एकही गोल होऊ दिला नाही.

हे सगळं वहीत टिपून ठेवलं आणि थांबले. कारण मला माझा सुटलेला चेंडू आठवला. घरातल्या मंडळींनाही हे ठाऊक नाही.

१९८४ साल. मी तेहतीस वर्षांची. नववीची वार्षिक परीक्षा, इतिहासाचे पेपर. एक हुशार पण मितभाषी मुलगी चार गुणांनी नापास झाली. जूनमध्ये गठ्ठे आवरताना दुसऱ्याच गठ्ठ्यात तिची पुरवणी सापडली. दोरा सुटला होता. मी ती तपासलेली नव्हती. त्यात अकरा गुण होते. मुख्याध्यापकांना सांगून निकाल दुरुस्त केला आणि तिच्या घरी गेले. वडील ओसरीवर बसले होते. म्हणाले, "बाई, आता कशाला? लग्न ठरलं तिचं. नापास झाली म्हणून आलेलं स्थळ बघितलं." आतून तिनं पाणी आणून दिलं. काही बोलली नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी प्रत्येक पुरवणी दोनदा मोजली. पण बॉनरचा गोल फलकावर लागला, जगानं पाहिला. माझा कुणी पाहिला नाही आणि त्याची किंमत मी भरली नाही. हा फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी ओमला दोन्ही गोष्टी सांगितल्या. बॉनरची आणि माझी. ओम म्हणाला, "आजी, बॉनर परत खेळला ते कळलं. पण त्या ताईचं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षांत मी पुरवण्या मोजल्या, तिची चौकशी केली नाही.

पुढच्या शनिवारी ओम गोलात उभा राहिला. तीन गोल झाले त्याच्यावर, संघ हरला. पण संध्याकाळी फोनवर स्वतःहून आला आणि तिसरा गोल कसा झाला ते हातवारे करून सांगत बसला. मला कळलं नाही, मी हं हं म्हटलं.

मी तेव्हाच्या एका सहकारी बाईंना फोन करून त्या मुलीच्या सासरचं गाव शोधायला सांगितलंय. आज ती पंचावन्नच्या आसपास असेल. पत्ता मिळाला तर जाऊन येईन. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.