शिझुओका : छोट्या मोटारींचे मोठे शहर

तोक्योहून ओसाकाकडे जाणाऱ्या शिंकान्सेन मार्गावर साधारण १८० किलोमीटरवर शिझुओका शहर लागते. सर्वांत वेगवान 'नोझोमी' गाडी इथे थांबत नाही. 'कोदामा' किंवा एखादी 'हिकारी' धरावी लागते. उजव्या हाताची खिडकी मिळाली तर वाटेत फुजी पर्वत दिसतो. आम्हाला ढग दिसले. जपानात हे शहर चहासाठी प्रसिद्ध आहे. आम्हाला मात्र ते पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहे ते एका खोक्यामुळे. फुटपाथवरच्या जुन्या मालात सापडलेल्या त्या खोक्यात मोटारीचे सुटे भाग होते आणि बाजूला पत्ता छापलेला होता : शिझुओका, जपान.

हे मोटारीचे किट म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. खऱ्या मोटारीची मापे घ्यायची आणि तिच्या चोविसाव्या हिश्शाएवढी मोटार प्लास्टिकची करायची. पण ती तयार विकायची नाही, सुटी विकायची. आपली जुनी अॅम्बॅसेडर या हिशेबाने अठरा सेंटिमीटरची, म्हणजे वीतभरही होणार नाही. सगळे भाग एका चौकटीला देठांनी चिकटलेले असतात. आपल्या वस्त्यांतून बायाबापड्या मोल्डिंगच्या कारखान्यातला माल पोत्याने घरी आणून खुडत बसतात ना, तशीच ही चौकट. फरक इतकाच, की इथे खुडणारा स्वतः पैसे मोजून खुडतो! पुढे कानस, पॉलिश पेपर, चिकटवणे, रंगाचा हात, सुकवणे आणि पुन्हा पॉलिश पेपर. ज्या सीटा काचेआड धड दिसणारही नाहीत, त्याही रंगवायच्या.

"काका, इतक्या लांब येऊन खेळण्यांचे प्रदर्शन बघणार?" तोक्योत नोकरी करणाऱ्या आमच्या पुतण्याने विचारले. तिकीट त्यानेच पाठवले होते, म्हणून आम्ही नम्रपणे "हो" म्हणालो.

जपानमधल्या प्लास्टिक मॉडेलच्या मालापैकी ८० टक्क्यांहून अधिक माल या एका प्रांतातून निघतो. इथेच का? इथले लोक सांगतात ते असे : १६०७ साली तोकुगावा इएयासू इथल्या सुन्पू किल्ल्यात राहायला आला. किल्ला आणि मंदिरे बांधण्यासाठी सुतार, लाखकाम करणारे, कोरीव काम करणारे गोळा झाले आणि इथेच स्थायिक झाले. लाकडाचे काम शहराच्या हातात मुरले. जून १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात शहर जळाले. पुढच्याच वर्षी योशिओ तामिया यांनी इथे लाकडाची वखार आणि गिरणी काढली आणि १९४८ पासून तिथे लाकडी जहाजांचे, विमानांचे संच होऊ लागले. पुढे अमेरिकेतून प्लास्टिकचे संच आले आणि लाकडी माल पडून राहू लागला. १९६० मध्ये तामियांनी पहिले प्लास्टिकचे मॉडेल काढले, 'यामातो' युद्धनौकेचे. दुसऱ्या एका कंपनीने तीच नौका स्वस्तात विकल्यामुळे तेही आपटले. सावरले ते मोटरवर धावणाऱ्या रणगाड्याने. कर्जात बुडत असताना माणूस पोरांच्या खाऊच्या पैशांवर भिस्त ठेवतो, याचे आम्हा बी. कॉम. वाल्यांना नवल वाटते.

मोटारींकडे कंपनी वळल्यावर १९६७ मध्ये होंडाच्या शर्यतीच्या गाडीचे बाराव्या हिश्शाचे किट आले. पुढे पोर्शे गाडी करायची ठरली, तेव्हा योशिओ यांचे चिरंजीव शुन्साकु तामिया यांनी खरी पोर्शे विकत घेतली आणि ती पार सुटी करून मापे घेतली. १९७६ ला तिचे किट निघाले. हे शुन्साकु तामिया जुलै २०२५ मध्ये वारले. ते ९० वर्षांचे होते.

मे महिन्यात 'ट्विन मेसे' नावाच्या भव्य दालनांत हॉबी शो भरतो. पहिला भरला १९५९ ला. प्रवेश फुकट, फक्त नाव आधी नोंदवावे लागते. शाळकरी मुलांसाठी वेगळे दिवस राखलेले असतात. कंपन्यांच्या दालनांत रोषणाई होती, गर्दी होती. तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही. आमचे पाय अडले ते शेजारच्या दालनात. १९९० पासून तिथे हौशी लोकांच्या मंडळांची टेबले मांडली जातात. साधी टेबले, वर कापड, मागे खुर्चीवर बसलेला करणारा. त्यात पोरे होती, तशी काठी टेकत आलेली माणसेही होती.

एका टेबलावर चकचकीत गाड्यांच्या मध्ये एक मळकी तीनचाकी मालगाडी उभी होती, आपल्याकडच्या जुन्या तीनचाकी टेम्पोसारखी. एक दार हिरवे, एक निळे. पत्रा पोचलेला, मागे चहाची पोती. ती करणारे गृहस्थ सत्तरीचे, लेथवर आयुष्य काढलेले. पुतण्याने दुभाष्याचे काम केले. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील तिच्यातून चहा पोचवीत. एक दार अपघातात गेले, तेव्हा भंगारातून दुसऱ्या रंगाचे आणून बसवले होते. गाडीचा फोटो घरात एकही नाही. बाजारचे किट घेऊन, अर्धे कापून, उरलेले आठवणीने करत ही गाडी झाली. आठ महिने लागले. आम्ही दाराकडे बोट दाखवले, तर गृहस्थ मोठ्याने हसले आणि डोळे पुसू लागले.

हा छंद पैसेवाल्यांचा, असे आम्हालाही अनेकांनी ऐकवले आहे. चोविसाव्या हिश्शाचे साधे किट तीन-साडेतीन हजार येनला पडते, म्हणजे सुमारे दोन हजार रुपये. रक्कम लहान नाही. पण चाळीस संध्याकाळी पुरले तर संध्याकाळी पन्नास रुपये होतात. आणि ज्यांना तेही परवडत नाही, त्यांनी आमच्यासारखी काडेपेटीची मोटार केलेली असतेच : चपलेच्या रबराची चाके, छत्रीच्या तारेचे आस. शिझुओकातल्या त्या टेबलांवर ती ठेवली असती तर कोणी हसले नसते, अशी आमची खात्री आहे.

आमचे वडील महापालिकेच्या कचऱ्याच्या लॉरीवर एकवीस वर्षे होते. वडिलांचा फोटो आहे, लग्नातला. लॉरीचा नाही, आणि तिचे किट कोणी काढलेले नाही. म्हणून आम्ही होंडा घेतली नाही. पांढऱ्या प्लास्टिकचे चार कोरे तक्ते घेतले आणि एक बारीक कानस. रंग विमानात नेता येत नाहीत, ते मुंबईतच घ्यावे लागतील. मापे एका निवृत्त ड्रायव्हर मामांनी सांगितली आहेत. पाठीमागचे फळकूट किती वर उघडायचे, हेही त्यांनी हात करून दाखवले. रंगावर मात्र घरात एकमत होत नाही. थोरले चुलते पिवळा म्हणतात. आई म्हणते, लॉरीला रंग होता कुठे?