पुठ्ठ्याचा कळप: दोन पत्रे

लंडन, जूनअखेर २०२५



‘द हर्ड्स’ हा पुठ्ठ्या-प्लायवूडच्या प्राण्यांचा कळप एप्रिलमध्ये काँगोतल्या किन्शासाहून निघाला. लागोस, डकार, मोरोक्को, मग युरोप अशी त्याची वाट. २०,००० किलोमीटरचा हा प्रवास थेट उत्तर ध्रुववृत्तापर्यंत आखलेला आहे. हवामान बिघडले की जनावरे आधी जागा सोडतात आणि माणसे त्यांच्या मागोमाग, एवढीच गोष्ट. दिवाळी झाली की बीडहून कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोडीच्या बैलगाड्या पाहिलेल्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

प्राण्यांची मूळ घडण केपटाउनच्या ‘उक्वांडा’ गटाची. पण खरे काम पुढेच आहे: ठिकठिकाणची माणसे हे प्राणी चालवायला शिकतात, आणि कळप सरकतो तसे तिथले प्राणीही त्यात मिसळतात. चालवणारे लपत नाहीत. तरी पाहणाऱ्याची नजर त्यांच्यावर ठरत नाही, कारण प्राणी श्वास घेताना दिसतो. रस्त्यावरच्या या खेळाला तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. कळप घुसला की गर्दीला वाट सोडावी लागते. मुले मात्र जवळ जाऊन पुठ्ठ्याच्या नाकाला हात लावतात.

उकाडा फार आहे आणि खोल्यांना पंखे नाहीत. झोप अर्धीच.

मँचेस्टर, जुलै २०२५

इथे गारठा, वर भुरभुर पाऊस. भाजलेल्या बटाट्यावर गोडूस रश्श्यातला घेवडा साडेसात पौंडांना मिळाला. तिखट नाही, फोडणी नाही. आमटी-भाताची आठवण मग येतेच.

याच शहरात ३ नोव्हेंबर २०२१ रोजी अमलची वाट संपली होती. अमल म्हणजे साडेतीन मीटर उंचीची बाहुली, आईला शोधत निघालेली सीरियन निर्वासित मुलगी. दोन्ही प्रवासांचे दिग्दर्शक एकच, अमीर निझार झुआबी. २०२१च्या २७ जुलैला तुर्कस्तानातल्या गाझियान्तेपहून निघून ती ८,००० किलोमीटर आली. तिचे स्वागत कसे करायचे ते गावोगावच्या लोकांनी ठरवायचे होते. ग्रीसमधल्या लारिसात तिच्यावर दगड आले. तिथल्याच मेटेओराने तर तिला येऊच दिले नाही. पोप फ्रान्सिस भेटले त्याची छायाचित्रे सगळीकडे छापून आली, पण या कलेचे मोल लारिसात अधिक कळते. भिंतीवरच्या चित्राकडे पाठ फिरवता येते. चालत आलेल्या मुलीपुढे गावाला काहीतरी करावेच लागते, आणि जे केले ते गावाच्या नावावर राहते.

वाट संपल्यावरही त्याच नोव्हेंबरात अमल ग्लासगोच्या हवामान परिषदेत पोचली. सामोआच्या ब्रियाना फ्रुएन या तरुण कार्यकर्तीने तिला फूल दिले, अमलने तिला बियाण्याची पिशवी दिली. निर्वासितांचा प्रश्न आणि हवामानाचा प्रश्न तिथे एका मंचावर आले. आजचा कळप त्याच वाटेवरचा. माणसांच्या स्थलांतराबद्दल लोकांची मते आधीच ठरलेली असतात, जनावरांबद्दल ती नसतात. त्यामुळे कळपामागे सगळ्याच तऱ्हेची माणसे धावतात. इथून कळप स्कँडिनेव्हियाकडे निघेल.