आधी नाव, मग चित्र

शुभेच्छापत्र ही मुळात आळसाची, किंवा सभ्य भाषेत सांगायचे तर वेळ वाचवण्याची युक्ती आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या एका उद्योगी गृहस्थाला नाताळात साऱ्या स्नेह्यांना पत्रे लिहिणे जमेना. त्याने हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या हजारभर प्रती छापल्या आणि स्वतःची सुटका करून घेतली. आपल्या तारखात्याने तर त्याच्यावरही वरताण केली. दिवाळीच्या शुभेच्छांना त्याने चक्क क्रमांकच देऊन टाकला! आपण नुसता आकडा सांगायचा, पलीकडे मजकूर उमटायचा. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, पण युक्ती काही बंद पडली नाही. आता फोनवर बोट टेकवले की एकच पणती दोनशे घरांत लागते.

माझ्या मैत्रिणीला मात्र ही युक्ती कधी पटलीच नाही. गिरगावातल्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. लग्नानंतर ती लालबागच्या चाळीत गेली, मी गिरगावातच राहिले. कोजागरी झाली की मी एका रविवारी तिच्याकडे जाई. आमच्या गल्लीतल्या छापखान्यातून लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे कातरण घेऊन जाई. तिच्याकडे जुन्या लुगड्याची जर, रंगाच्या वड्या आणि मैद्याची खळ तयार असे. वहीत दाबून सुकवलेले पिंपळपान कागदावर ठेवायचे आणि दात घासायचा जुना ब्रश रंगात बुडवून फणीवर घासायचा. बारीक शिंतोडे उडतात. पान उचलले की त्याची पांढरी आकृती मागे राहते. पाकीट चिकटवायचे नाही, म्हणजे ते बुकपोस्टाने थोड्या तिकिटात जाई.

तिचा नियम एकच. "अगं, कुणाला पाठवायचंय ते आधी ठरव, मग कात्री उचल." मोतीबिंदू झालेल्या मावशीसाठी ती जर जाडसर चिकटवी, बोटांना तरी लागावी म्हणून.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तिचे यजमान साचेखात्यात होते. दिवाळी आली तेव्हा संपाला दहावा महिना चालू होता आणि तिच्या मजल्यावरची कितीतरी बिऱ्हाडे कोकणात, साताऱ्याकडे गावी निघून गेली होती. अशा घरी रंगीत कागद घेऊन कसे जावे, या संकोचात मी होते. पण तिने यादी करून ठेवली होती. गावी गेलेल्या प्रत्येक बिऱ्हाडाचे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका.

यंदा जर नव्हती. ते लुगडे मोडीत गेले होते. रंगासाठी हळद आणि कुंकू कालवले होते. तिकिटे मी आणते म्हटले, तर म्हणाली, "निम्मी तुझी, निम्मी माझी."

त्या वर्षी तिने पाने, फुले काढलीच नाहीत. प्रत्येक पत्रावर त्या त्या बिऱ्हाडाचे दार काढले. एकाची मोडकी कडी, दुसऱ्याची चौकटीवर खडूने लिहिलेली खोलीची संख्या, तिसऱ्याचे तोरण. दारापुढे रांगोळी आणि पणती. खाली एकच ओळ: 'तुमच्या दाराशी दिवा लावला आहे.' आणि दिवाळीच्या चारही संध्याकाळी, घरात तेल जपून वापरत असताना, तिने त्या कुलूप लावलेल्या दारांशी खरोखरच एकेक पणती ठेवली.

एका घरून पोस्टकार्ड आले. धाकट्या मुलाने आपले दार बरोबर ओळखले आणि ते पत्र साऱ्या वाडीला दाखवून आला, एवढाच मजकूर होता.

तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्यांतली बरीच कुटुंबे परतली नाहीत आणि त्या दारांना पुढे दुसऱ्यांची कुलपे लागली. पत्राने कुणाची चूल पेटली नाही, हेही खरे. पण हजार प्रती छापणाऱ्याला हजार माणसे आठवावी लागत नाहीत. एखाद्याचे दार काढायचे तर त्याची कडी कुठे मोडली आहे, हे ठाऊक असावे लागते.