मधला पट्टा

गाडी धुतली असं आपण म्हणतो तेव्हा ती बहुधा गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंत धुतलेली असते. दारं, काचा, बॉनेट, दिवे, नंबरप्लेट. चाकांवर पाणी मारलेलं असतं. टपावर एखादी बादली भिरकावली जाते आणि तेवढ्यावर टप धुतला असं सगळेच धरून चालतात. लहान मोटारीचं ठीक आहे, तिच्या टपावर उभ्याउभ्या हात फिरतो. पिकअपचा टप सहा फुटांच्या वर. दार उघडून पायरीवर उभं राहायचं, एका हाताने चौकट धरायची, दुसरा हात खांद्यातून निखळेल इतका लांबवायचा, तेव्हा कुठे कडेचा हातभर पत्रा पुसून होतो. दोन्ही बाजूंनी असं केलं तरी मधोमध, पुढच्या काचेपासून मागच्या हौद्यापर्यंत, एक पट्टा राहतोच. या मधल्या पट्ट्याशी माझं नातं फार जुनं आहे.

माझे वडील, आप्पा, गाडीचे मालक होण्याआधी ड्रायव्हर होते आणि ड्रायव्हर होण्याआधी क्लीनर. मालाच्या गाडीवर ड्रायव्हर टपावर चढत नाही. दोर ओढायचा, ताडपत्री ताणायची, स्टेपनी वर असेल तर ती उतरवायची, हे सगळं क्लीनरचं. टप धुणंही त्याचंच. म्हणजे गाडीची सगळ्यांत उंच जागा ही गाडीवरच्या सगळ्यांत खालच्या माणसाच्या वाट्याला आलेली असते. आप्पांनी ती जागा वर्षानुवर्षं सांभाळली होती. पुढे स्वतःची गाडी झाली तरी त्यांची नजर आधी वर जायची. कुणाची नवी गाडी पाहायला गेले की ते एका टायरवर पाय देऊन उंच व्हायचे आणि टप बघायचे. इंजिन त्यानंतर.

आमची गाडी म्हणजे जुनी घेतलेली चारशेसात. टेल्कोची ही गाडी १९८६ साली रस्त्यावर आली आणि काही वर्षांतच जुन्नर तालुक्यातल्या गावागावांत दिसू लागली. लोक तिला टेम्पोच म्हणत. आप्पा नारायणगावचा टोमॅटो आणि आसपासच्या मळ्यांतला भाजीपाला घेऊन आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरायचे आणि कल्याणवरून वाशीला जायचे. परत येताना गाडी रिकामी किंवा खताची पोती. येईल तशी ती दारात उभी राही आणि आप्पा मला हाक मारत.

मला, कारण मी हलकी होते. केबिनच्या टपाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. खालून आडव्या पट्ट्यांचा आधार असतो, पण दोन पट्ट्यांच्या मधे मोठ्या माणसाने पाय ठेवला की ‘डब्ब’ असा आवाज होऊन पत्रा आत जातो आणि पोचा येतो. एकदा पोचा आला की तिथे पाणी साचतं. म्हणून वर लेकरू चढवायचं. आप्पा मला हौद्याच्या पुढच्या फळीवरून टपावर सोडत आणि खालून सांगत, कडेकडेने राहा, मधे बसायचं नाही, गुडघे टेक पण पट्टीवर टेक. पट्टी कुठे आहे ते हाताने थापटून कळतं, आवाज बदलतो. ते मला आठव्या-नवव्या वर्षी कळत होतं आणि आजही कळतं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली. कोरडं फडकं लावायचं नाही, कारण धुळीतली बारीक कच फडक्याखाली अडकली की रंगावर ओरखडे उठतात. कच वाहून गेली की मग साबणाचं पाणी. टपानंतर काचा, मग दारं, मग खालची चाकं. टप शेवटी धुतला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात, कारण वरची घाण पुसलेल्या काचेवर उतरते. घरी भांडी घासताना, अंगण सारवताना मी कसाही क्रम लावी, पण गाडीला हात लावला की आपोआप वरून सुरुवात व्हायची.

वर काय काय असायचं! घाट उतरताना गाडीचं तोंड खाली असतं, त्यामुळे वरच्या क्रेटमधल्या फुटलेल्या टोमॅटोचा रस पुढे वाहत केबिनवर येई आणि तिथेच वाळे. तो आंबट चिकट थर नखाने निघत नसे, ओलं पोतं टाकून भिजवावा लागे. कांद्याचा पापुद्रा असे, वाशीच्या मार्केटातल्या कावळ्यांची शिट असे. पक्ष्यांची शिट खरवडायची नाही, हेही आप्पांचंच. ऊन लागून ती कडक झालेली असते आणि तिच्यातलं आम्ल रंगात उतरलेलं असतं. खरवडली तर डाग कायमचा. ओलं कापड ठेवून वाट बघायची. टपाच्या कडेने पावसाचं पाणी वाहून जायला एक बारीक पन्हळ असते, तिच्यात चिखल साठतो आणि तो कायम ओला राहतो. उंच गाडी गंजायला लागते ती बहुतेक वेळा तिथून. एका श्रावणात त्या पन्हळीत मला टोमॅटोचं रोप उगवलेलं सापडलं. बोटभर उंच, चार पानांचं. आईने ते परसात लावलं आणि त्याला फळं धरली. आज रोपांच्या धंद्यात असताना मी हजारो रोपं ट्रेमध्ये मोजून ठेवते, पण बी रुजायला किती थोडं पुरतं हे मी टपाच्या पन्हळीत शिकले.

आणि वरून दिसायचं फार. आमचं घर नारायणगावहून खोडदकडे जाणाऱ्या बाजूला, मळ्यात. जमिनीवरून ऊस आडवा येई. टपावर मात्र नारायणगड मोकळा दिसायचा आणि त्याच सुमारास खोडदला जीएमआरटीच्या डिश उभ्या राहत होत्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली ती दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यांतल्या १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं होतं की त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात. मला मात्र एकच प्रश्न होता. एवढ्या मोठ्या ताटल्या, तोंड वर करून, त्या धुतं कोण? त्याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी, दुर्बीण पाहायला आतवर गेले तेव्हा मिळालं. त्या डिश पत्र्याच्या नाहीतच. स्टीलच्या तारेची बारीक जाळी दोरांवर ताणून बसवली आहे. लहरींची लांबी मोठी, तिच्यापुढे जाळीची भोकं अगदी लहान, त्यामुळे लहरी परावर्तित होतात आणि वारा मात्र आरपार जातो. पाऊसही गळून जातो. वजन कमी, खर्च कमी, सांगाडा हलका. त्या दिवशी मी तिथे उभी राहून आप्पांना फोन केला आणि हे सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे त्यांच्या टपावर काय साचतच नाही.” त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी फोन ठेवायला तयार नव्हते.

माझं टपावर चढणं थांबलं ते एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आप्पा म्हणाले, “आता तू नको, पत्रा बसंल.” आई शेजारीच होती, ती म्हणाली, “आणि मोठी झाली ती.” दोघांनी दोन कारणं सांगितली आणि दोन्ही खरी होती. मला त्यांतलं आप्पांचं कारण सोसलं. वजन वाढतं, त्यात कुणाचा दोष नाही. आईचं कारण मनाला फार लागलं. गावात मुलगी गाडीवर चढलेली दिसणं यात कुणाला काय खुपतं हे मला तेव्हा समजलं नाही आणि आता समजतं म्हणून ते मान्यही नाही. माझ्या लेकीच्या बाबतीत मी ते वाक्य घरात कुणाला उच्चारू दिलेलं नाही.

मग टप धुवायचा कसा? भाऊ तेव्हा अगदी लहान होता. उपाय आईनेच काढला. तिने तिचं जुनं सुती लुगडं घेतलं, लांबीला चार पदरी घडी केली, बादलीत भिजवलं आणि एक टोक आप्पांना देऊन ते टपावरून पलीकडे टाकलं. ती एका दाराशी, आप्पा दुसऱ्या दाराशी. तिने ओढलं की आप्पांनी सैल सोडायचं, त्यांनी ओढलं की तिने. लुगडं पुढून मागे सरकवत न्यायचं. ओलं सुती कापड स्वतःच्या वजनाने पत्र्याला चिकटून बसतं, जोर लावावा लागत नाही, आणि मधला पट्टा आपोआप पुसला जातो. मधे केबिन असल्यामुळे दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नसे. आमच्या घरात आई-वडील समोरासमोर बसून काही करतायत असं चित्र फारसं नव्हतं. आप्पा रात्रीचे निघायचे, सकाळी झोपायचे. आई मळ्यात. पण गाडी धुताना मी त्यांना बोलताना ऐकलंय, टपावरून, न बघता. कुणाचे पैसे यायचेत, भावाला कोणत्या शाळेत घालायचं, मामाच्या जमिनीचं काय झालं. लुगड्याची ओढ थांबली की समजायचं, कुणीतरी विचार करतंय.

लग्नानंतर मी रोपवाटिकेत आले आणि आता आमच्याकडे पांढरी पिकअप आहे. टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवरची रोपं ट्रेमध्ये भरून शेताच्या बांधापर्यंत पोहोचवायची. मधे काही वर्षं आम्ही गाडी वॉशिंग सेंटरला देत होतो. तिथे गाडी रॅम्पवर चढवतात, कारण खालचा चिखल काढायचा असतो. टप त्यामुळे आणखी वर जातो. पोरगं खालून प्रेशरने पाणी मारतं, फेस उडवतं, पुन्हा पाणी मारतं, आणि टप तसाच उन्हात वाळतो. पाणी बोअरचं, क्षाराचं. ते वाळलं की पांढरे ठिपके राहतात. त्या पोरावर माझा राग नाही, त्याला शिडी कुणी दिलेलीच नव्हती.

पण टप सोडून देण्यासारखा नसतो. गाडीवर सगळ्यांत जास्त ऊन तोच घेतो. मे महिन्याच्या मध्यावर आमच्याकडे दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो. दारांवर ऊन तिरपं पडतं, टपावर सरळ. उन्हातले अतिनील किरण रंग बांधून ठेवणारा घटक तोडत राहतात आणि काही वर्षांनी टपावर हात फिरवला की खडूची भुकटी लागावी तसा रंग बोटांना लागतो. दारं तेव्हा नव्यासारखी चकाकत असतात. मग कधीतरी पावसात ड्रायव्हरच्या खांद्यावर थेंब पडतो आणि तेव्हा सगळ्यांना टपाची आठवण येते.

दसऱ्याच्या पूजेतही मी हे बघत आलेय. कुंकू बॉनेटला, झेंडूची माळ काचेवरून, नारळ चाकापुढे, लिंबू चाकाखाली, स्टेअरिंगला फूल. टपाला काही नाही. आमच्याकडे मी आता एक झेंडू वर टाकते. गाडी निघाल्यावर तो पहिल्याच वळणावर पडतो. पडू दे.

गेल्या दसऱ्याला आप्पा आमच्याकडे होते. त्यांचे हात आता खांद्याच्या वर जात नाहीत. त्यांना अंगणात खुर्ची टाकून दिली. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मी दोन पायऱ्यांचा लोखंडी घोडा करून घेतलाय, खाली रबर लावलेला, त्यावर लेक उभी राहिली आणि पन्हळीतला चिखल दातांच्या जुन्या ब्रशने काढू लागली. मग मी आणि नवऱ्याने घडी केलेली सुती साडी टपावरून टाकली. सुरुवातीला आमचा मेळ बसेना. दोघंही एकदम ओढायचो. “अहो, तुम्ही सोडा ना आधी,” मी म्हणायची आणि पलीकडून “अगं, तूच धरून ठेवलंयस” असं यायचं. आप्पा खुर्चीतून दम देत होते, सावकाश, सावकाश, लुगडं उचलू नका.

पुढून मागे एक फेरी झाली. नवरा म्हणाला, झालं. आप्पा म्हणाले, “मधे राहिलंय.”

खुर्चीतून टप दिसत नाही. लेकीने घोड्यावरून मान उंच करून पाहिलं आणि म्हणाली, हो आजोबा, काचेजवळ मधोमध आहे, टोमॅटोचंच काहीतरी वाळलंय. आम्ही साडी पुन्हा भिजवली, त्या जागेवर थोडा वेळ तशीच ठेवली आणि मग ओढली. काचेवरून गढूळ लालसर पाणी उतरलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत आप्पांनी आम्हाला थांबू दिलं नाही आणि मग म्हणाले, आता दारं घ्या.