शब्दकोश वाचणारा मुलगा

यमक हा प्रकार आपल्याकडे आता उतरणीला लागला आहे. मुक्तछंद आला, स्थिरावला, आणि यमक जुळवणाऱ्याकडे सुशिक्षित माणूस काहीशा कीवेने पाहू लागला. मोरोपंतांच्या आर्या तोंडपाठ म्हणणारी पिढी काळाआड गेली. कलगी आणि तुऱ्याचे फड आता क्वचित कोठे तरी रंगतात. अशा दिवसांत अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला एक गृहस्थ केवळ यमकाच्या बळावर जगभर गाजावा, ह्याचे मला मोठे कुतूहल वाटत आले आहे. त्याचे नाव मार्शल मॅथर्स. नाव आणि आडनाव ह्यांच्या आद्याक्षरांची सांगड घालून त्याने 'एमिनेम' हे टोपणनाव धारण केले, आणि त्याच नावाने जग त्याला ओळखते.

त्याची ओळख मला आमच्या चिरंजीवांनी करून दिली. नोकरीच्या निमित्ताने पाटणा, कटक, गुवाहाटी असे करीत आम्ही फिरलो, आणि चिरंजीवांनी बारा वर्षांत सात शाळा पाहिल्या. मराठी त्यांना घरापुरती येते. मनातले सारे ते इंग्रजीत बोलतात, आणि तेही दार लावून. एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "बाबा, ह्याच्या शाळा माझ्यापेक्षाही जास्त झाल्या." तेव्हापासून हा मनुष्य कोण, हे नीट समजून घ्यावे असे मला वाटू लागले.

मार्शलचा जन्म १७ ऑक्टोबर १९७२ रोजी मिसूरी राज्यातल्या सेंट जोसेफ ह्या गावी झाला. आई डेबी तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती. मूल तान्हे असतानाच बाप घर सोडून गेला. मुलाने पुढे त्याला पत्रे लिहिली आणि ती न उघडताच परत आली, असे सांगतात. आई कधी मिसूरीत, कधी मिशिगनमध्ये, नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढीत राहिली. कित्येकदा दोन-तीन महिन्यांत शाळा बदलावी लागे. आपल्यासारख्यांच्या मुलांना निदान सरकारी निवासस्थान असते, शेजारी बापाच्या हुद्द्याकडे पाहून बोलतात, शाळेतही जरा सांभाळून घेतात. ह्या मुलाला त्यातले काहीच नव्हते. नवा मुलगा म्हणून तो प्रत्येक वर्गात मार खाई. एका दांडगट सहाध्यायाने त्याला इतके मारले की डोक्याला गंभीर इजा होऊन त्याला इस्पितळात ठेवावे लागले. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

ह्या मारपिटीची पुढची हकीकत कचेरीत आयुष्य घालवलेल्या वाचकांना आवडावी. १९९९ साली मार्शलने त्या सहाध्यायाचे नाव घेऊन एक गाणे केले. त्या मनुष्याने बदनामीचा दावा लावला. २००३ साली मिशिगनमधील न्यायाधीशांनी, गाण्यातली अतिशयोक्ती कोणीही शहाणा माणूस शब्दशः खरी मानणार नाही, अशा मताने दावा फेटाळला. आणि निकालपत्रात त्याचा सारांश चक्क रॅपच्या चालीवर यमके जुळवून दिला! आपल्या कचेऱ्यांतून हजारो टिपणे माझ्या नजरेखालून गेली, पण कोणा वरिष्ठाने हुकूम आर्येत लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

रॅप म्हणजे गाणे नव्हे, नुसते बोलणेही नव्हे. ठेक्यावर बांधलेले, वेगवान आणि यमकांनी गच्च भरलेले असे ते पठण असते. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात, १९७३ च्या सुमारास, कृष्णवर्णीय वस्तीतल्या नाचगाण्यांच्या मेळाव्यांतून ह्या कलेचा उगम झाला. मार्शलला तिची गोडी लावली ती रॉनी नावाच्या मामाने. मामा-भाचे जवळजवळ एका वयाचे होते. ह्या मामाने १९९१ साली आत्महत्या केली, आणि भाच्याला तो घाव कायमचा राहिला.

शाळेत त्याचे मन रमले नाही. नववीत तो तीनदा नापास झाला आणि सतराव्या वर्षी त्याने शाळेला रामराम ठोकला. पण ह्याच मुलाला शब्दकोश वाचण्याचा नाद होता. गोष्टीचे पुस्तक वाचावे तसा तो कोश वाची, कारण वेळेला शब्द हाताशी हवेत. इंग्रजीत 'ऑरेंज' ह्या शब्दाला यमक नाही असे मानतात. २०१० साली दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत त्याने दाराच्या बिजागरीला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा उच्चार थोडा वाकवून ते यमक सहज जुळवून दाखविले. यमक अक्षरात नसून कानात असते, हे आपल्या शाहिरांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांची कवने कागदावर वाचताना अडखळतात आणि डफावर म्हटली की सरळ होतात. त्याच मुलाखतीत त्याने खोकी भरून ठेवलेले चिठोरे दाखविले. त्यांवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, आडवेतिडवे शब्द लिहिलेले होते. नववी नापास माणसाचा हा व्यासंग पाहून, पदव्यांची भेंडोळी सांभाळीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांना जरा विचारात पडायला होते.

डेट्रॉइटमध्ये 'एट माइल' नावाचा एक रस्ता आहे. त्याच्या दक्षिणेला मुख्यतः कृष्णवर्णीयांचे शहर आणि उत्तरेला गोऱ्यांची उपनगरे. मार्शलची कला रस्त्याच्या एका बाजूची, कातडी दुसऱ्या बाजूची. त्याच शहरातल्या एका कपड्यांच्या दुकानात शनिवारी रॅपचे सामने होत. दोघे समोरासमोर उभे राहायचे, ठेका सुरू व्हायचा, आणि ऐनवेळी रचलेल्या कवनांत एकाने दुसऱ्याची अब्रू वेशीवर टांगायची; निवाडा श्रोत्यांचा. सवाल-जवाबाचा फड ज्याने एकदा तरी पाहिला असेल, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. त्या सामन्यांचा सूत्रधार प्रूफ नावाचा कृष्णवर्णीय मित्र होता. त्याने हात धरला म्हणून ह्या गोऱ्या पोराला तिथे उभे राहता आले.

ह्या जीवनावर बेतलेला 'एट माइल' हा चित्रपट २००२ साली निघाला आणि त्यात मार्शलनेच नायकाचे काम केले. त्यातला शेवटचा सामना मला फार आवडतो. नायकाच्या वाट्याला पहिली पाळी येते. मी गोरा आहे, दरिद्री आहे, आईबरोबर फिरत्या घरात राहतो, मार खाल्ला आहे, मित्राने दगा दिला आहे, हे सारे तो स्वतःच सांगून मोकळा होतो. मग प्रतिस्पर्ध्याच्या भात्यात बाणच उरत नाही. लेखापरीक्षक येण्यापूर्वीच आपल्या चुका टिपणीत नमूद करून ठेवणारे एक हेडक्लार्क मला ठाऊक आहेत. त्यांची सारी नोकरी निर्वेध पार पडली.

प्रत्यक्षातली वाट इतकी झटपट नव्हती. तो एका खानावळीत स्वयंपाक करी, भांडी घाशी. १९९६ सालची पहिली ध्वनिमुद्रिका फारशी कोणी घेतली नाही. १९९७ साली लॉस एंजेलिस येथील स्पर्धेत त्याला दुसरा क्रमांक मिळाला. पण त्याची ध्वनिफीत डॉक्टर ड्रे ह्या नामांकित कृष्णवर्णीय संगीतकाराच्या कानी पडली आणि दैव फिरले. १९९९ च्या मुद्रिकेने नाव झाले. २००० सालच्या मुद्रिकेच्या एकट्या अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सतरा लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००३ मध्ये 'एट माइल'मधील गाण्याला ऑस्कर मिळाले. रॅपला असा मान प्रथमच मिळत होता, आणि स्वारी त्या वेळी घरी झोपलेली होती! आपण गोरे आहोत म्हणून आपला माल अधिक खपतो, हे त्याने २००२ च्या एका गाण्यात उघड म्हटले आहे. इतकी स्पष्टोक्ती मोठमोठ्यांना साधत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच्या पुष्कळ गाण्यांत बीभत्स शिव्या आहेत, बायकोच्या खुनाची वर्णने आहेत, समलिंगी लोकांविषयी विखार आहे. २००० साली अमेरिकन सिनेटपुढील सुनावणीत त्याचे नाव घेऊन टीका झाली. हे माझे पात्र बोलते, मी नव्हे, असा त्याचा बचाव असे. कवीला तेवढी मुभा दिली पाहिजे, हे तत्त्व मला मान्य आहे. तरीही त्यातली काही गाणी मी शेवटपर्यंत ऐकू शकत नाही. शब्दावरचे प्रभुत्व पाहून आपण दाद देतो, आणि त्याच क्षणी ज्याच्यावर तो शब्द पडला त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. मौज अशी की, समलिंगी म्हणून सर्वश्रुत असलेले गायक एल्टन जॉन २००१ साली त्याच्याबरोबर व्यासपीठावर गायले, आणि पुढे त्याचे व्यसन सुटावे म्हणून त्यांनीच त्याला आधार दिला. २००६ मध्ये प्रूफ गोळीबारात मारला गेला. गोळ्यांचे व्यसन आधीपासून होतेच, ते विकोपाला गेले. डिसेंबर २००७ मध्ये तो मरता मरता वाचला. एप्रिल २००८ पासून त्याने व्यसन टाकले.

माझे मन सर्वांत अधिक अडते ते आईपाशी. गाण्यांतून मुलाने आईची जी निर्भर्त्सना केली, ती आपल्या संस्कारांत बसणारी नाही. ती व्यसनी होती, तिने आपल्याला नासवले, असे तो जगाला सांगत राहिला. तिने ते नाकारले. १९९९ साली तिने पोटच्या मुलावर बदनामीचा दावा लावला. तो पंचवीस हजार डॉलरांवर मिटला, आणि त्यातला बहुतेक पैसा वकिलाकडे गेला. २००२ साली त्याने तिच्यावर आणखी एक जहरी गाणे केले. ते ऐकताना मला नेहमी त्या सतरा वर्षांच्या पोरीची आठवण होते. नवरा पळालेला, कडेवर मूल, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी बस. तिच्याकडे शब्दकोश नव्हता.

२०१३ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्याने आईसाठी दुसरे गाणे लिहिले. त्यात क्षमायाचना आहे, आणि ते जुने गाणे आपण आता मैफलीत म्हणत नाही, अशी कबुलीही आहे. पुढच्या वर्षी मातृदिनी त्याचे चित्रण प्रसिद्ध झाले. स्पाइक ली ह्या दिग्दर्शकाने ते आईच्या नजरेतून घेतले आहे. मुलाचा चेहरा त्यात फार थोडा दिसतो. डेबी २ डिसेंबर २०२४ रोजी सेंट जोसेफ येथे कर्करोगाने वारली.

हे गाणे आमच्या घरी लागले की चिरंजीव दार लावीत नाहीत. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती विचारतात, "काय म्हणतोय रे तो?" आणि चिरंजीव आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत तिला एकेक ओळ समजावून सांगत बसतात.